दिवाळी अंकांचा हंगाम आणि एका मॉनिटरचा हिशेब

पुण्यात सदाशिव पेठेत, घरातल्याच एका खोलीत डीटीपीचं, म्हणजे मजकूर टाइप करून छपाईसाठी पानं लावण्याचं, काम करणाऱ्या एका ताईंच्या मॉनिटर खरेदीचं हे प्रकरण. त्यांच्या व्यवसायाचे हिशेब मी लिहितो. २०२५च्या जूनमध्ये त्यांनी विचारलं, "दादा, मॉनिटर बदलायचाय. आत्ता घेऊ, की दिवाळीच्या सेलपर्यंत कळ काढू?" प्रश्न एका ओळीचा होता, पण उत्तर शोधताना त्यांच्या वर्षभराच्या मिळकतीचं वेळापत्रक उलगडून बघावं लागलं. छोट्या व्यावसायिकांच्या खरेदीत नेमकं हेच बघायचं राहून जातं, म्हणून त्यांच्या परवानगीने, नाव न देता, सगळं सविस्तर मांडतो आहे.

ताईंचं वर्ष दोन भागांत पडतं. डिसेंबर ते मे क्लासच्या नोट्स, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, एखाद-दुसरं पुस्तक. कामं लहान, पण पैसे महिन्याभरात हातात. जूनअखेरीपासून दिवाळी अंक. त्या वर्षी त्यांच्याकडे तीन अंक होते. मिळून सुमारे ६०० पानं, पानामागे ९० रुपये, त्यातच तीन वाचनांच्या दुरुस्त्या. म्हणजे ५४,००० रुपयांचं काम. अंक वेळेत स्टॉलवर लागायचा तर शेवटचा फॉर्म (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा गठ्ठा) सप्टेंबर संपता संपता छापखान्यात जायला हवा. पैसे मात्र जाहिरातींची वसुली झाल्यावर निघतात. ती कधी नोव्हेंबरात होते, कधी संक्रांत उजाडते. दिवाळी अंकांचं कौतुक आपण सगळेच करतो. पण पानं लावणाऱ्याचे पैसे सगळ्यांत शेवटी निघतात, हे मला वर्षानुवर्षं खटकत आलं आहे.

तर गरज जुलैत, मोठा सेल सप्टेंबरच्या शेवटी आणि पैसे दिवाळीनंतर. या तीन तारखांचा मेळ कसा घालायचा, हाच खरा प्रश्न होता.

जुन्या पडद्यावर काय अडत होतं

जुना मॉनिटर १८.५ इंची, १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा (पिक्सेलचा), जुन्या पद्धतीच्या व्हीजीए केबलवर चालणारा. बंद पडलेला नव्हता, आणि म्हणूनच तो बदलण्याचा निर्णय दरवर्षी पुढे ढकलला जात होता. तो अपुरा कुठे पडतो हे मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं.

अंकाचं पान ए-फोरच्या जवळपास असतं. दोन पानं समोरासमोर ठेवली की रुंदी ४२ सेंटीमीटर, उंची २९.७. या मॉनिटरची काच ४१ बाय २३ सेंटीमीटर, त्यातून वरचे मेनू आणि खालच्या पट्ट्या वजा केल्या की उंची उरते १९च्या आसपास. म्हणजे जोडपान बघायचं तर ते जेमतेम ६४ टक्के आकारात दिसणार. त्या आकारात ११ पॉइंटच्या अक्षराला उंचीला साधारण आठ ठिपके मिळतात. रोमन लिपी आठ ठिपक्यांत कशीबशी वाचता येते, देवनागरी येत नाही. 'मूर्तींना' हा शब्द घ्या. 'त'च्या डोक्यावर वेलांटीचा शेंडा, रफार आणि अनुस्वार या तिघांना एकाच जागी बसायचं असतं. आठ ठिपक्यांत त्यांचा एक काळा डाग होतो. अनुस्वार आहे की नाही, हे ताई पडद्यावर बघून सांगू शकत नव्हत्या. पान दोनशे टक्के मोठं करायचं, शब्द तपासायचा, पुन्हा लहान करून रकाने बघायचे, असं दिवसभर चालायचं. नाहीतर प्रिंट काढायची. पडद्यावर भरवसा नसल्यामुळे प्रत्येक वाचनाआधी त्या सगळ्या पानांच्या प्रिंट काढत होत्या.

म्हणून मी त्यांना बजेट ठरवण्याआधी काम लिहून काढायला सांगितलं. 'चांगला मॉनिटर हवा' असं मोघम लिहिलं की दुकानात समोरचा जे दाखवेल ते चांगलं वाटतं. ताईंनी लिहिलं: जोडपान खऱ्या आकारात दिसावं आणि ११ पॉइंटचा अनुस्वार न वाढवता ओळखू यावा. पुढची सगळी निवड या एका वाक्याने सोपी केली.

कोणता घ्यायचा

२४ इंची फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, ८,५०० रुपयांच्या आसपास मिळत होता. त्याच्या काचेची उंची साडेएकोणतीस सेंटीमीटर. पट्ट्या वजा केल्यावर जोडपान खऱ्या आकारात बसत नाही, थोडक्यात हुकतं. एखाद्या कंपनीतून निघालेला वापरलेला २४ इंची ४,५०० रुपयांत मिळाला असता. पण त्याचा आकारही तोच, वर वॉरंटी नाही आणि जुन्या पॅनेलचा प्रकाश पिवळट होत जातो. दिवसाला आठ-दहा तास बघायच्या वस्तूत मी ती जोखीम घेऊ दिली नसती.

खरा फसवा पर्याय होता २७ इंची फुल एचडी, १०,५०० रुपयांचा. काच मोठी, किंमत बजेटमध्ये, दुकानात दिसायला भव्य. पण ठिपके तेच १९२० बाय १०८०, मोठ्या काचेवर पसरलेले. इंचामागे ८२ ठिपके पडतात. ताईंच्या जुन्या मॉनिटरवर इंचाला ८५ होते! अक्षर मोठं दिसलं असतं, पण बारकावा जुन्याइतकाच, उलट किंचित कमीच राहिला असता. या मापाची चौकशी फार थोडे लोक करतात. मराठी मजकुराचं काम करणाऱ्याने तरी इंचांच्या आधी ठिपके विचारावेत.

२७ इंची क्यूएचडी म्हणजे २५६० बाय १४४०. इंचामागे १०९ ठिपके, काच जवळजवळ ६० बाय ३३.६ सेंटीमीटर. पट्ट्या जाऊनही ३० सेंटीमीटर उंची उरते, म्हणजे ए-फोरचं जोडपान शंभर टक्के आकारात बसतं आणि बाजूला अवजारांच्या पट्टीला जागा राहते. ११ पॉइंटच्या अक्षराला १६-१७ ठिपके. आधीच्या दुप्पट. जूनमध्ये दुकानातला भाव १७,२०० रुपये.

आणि त्याहूनही जास्त ठिपक्यांचा फोर-के? ताईंच्या भाच्याचा त्यावर फार जोर होता. "मावशी, एकदाच घ्यायचाय तर चांगलाच घे," असं त्याचं म्हणणं. २७ इंची फोर-के तेव्हा २३,००० रुपयांच्या घरात होता. इंचामागे १६३ ठिपके, अक्षर छापल्यासारखं दिसतं, यात शंका नाही. पण दोन अडचणी होत्या, आणि दोन्ही मॉनिटरच्या डब्यावर लिहिलेल्या नसतात. पहिली संगणकाची. ताईंकडे आठव्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा संगणक, मदरबोर्डवर व्हीजीए आणि एचडीएमआय असे दोनच पोर्ट. हा एचडीएमआय १.४ होता. त्यातून फोर-के चित्र सेकंदाला तीसच वेळा ताजं होतं. माउसचा बाण पडद्यावर रखडत चालल्यासारखा वाटतो. साठ वेळा हवं तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणार, म्हणजे आणखी सहा-सात हजार. क्यूएचडीला मात्र तोच पोर्ट साठच्या गतीने पुरतो.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. अंक आता इनडिझाइन या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये, युनिकोडवर (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) होतात, पण नियमित गिऱ्हाइकांचा जुना माल अजून श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये, पेजमेकर या जुन्या प्रोग्रॅममध्ये आहे. पेजमेकर ७ आला २००१ साली. फोर-के पडद्यावर विंडोज सगळं दीडपट करून दाखवतं, आणि एवढ्या जुन्या प्रोग्रॅमला ती भाषा कळत नाही. एक तर त्याचे मेनू मुंगीएवढे होतात, नाहीतर सगळी खिडकी धुरकट दिसते. २७ इंची क्यूएचडी शंभर टक्क्यांवर, काही न वाढवता वापरता येतो. भाच्याचं म्हणणं नव्या संगणकासाठी बरोबर होतं. ताईंच्या टेबलावर फोर-के म्हणजे २९-३० हजार रुपये घालून आठवड्यातले दोन दिवस धुरकट पेजमेकर बघणं झालं असतं.

पैसे कुठून आणायचे

ताईंनी मनाशी १२,००० ठरवले होते. हा आकडा कुठून आला असं विचारल्यावर कळलं, की मे महिन्याच्या कामातून बाजूला राहिलेले २,००० आणि भिशीचे १०,०००. दहा जणींची भिशी, महिन्याला प्रत्येकी हजार. पण ताईंचा नंबर होता ऑक्टोबरात. त्यांनी जुलैचा नंबर असलेल्या मैत्रिणीशी अदलाबदल केली. त्या मैत्रिणीला दिवाळीच्या खरेदीला पैसे हवेच होते, त्यामुळे दोघींचंही भागलं. भिशीला व्याज नाही, प्रक्रिया शुल्क नाही. फक्त पुढचे हप्ते बिनचूक भरायचे. छोट्या कामाच्या खरेदीसाठी इतकं स्वच्छ कर्ज दुसरं नाही, असं माझं मत आहे.

सेलमध्ये भाव थोडा उतरेल असं धरलं तरी साडेतीन-चार हजार कमी पडत होते. ताईंचा कल 'नो कॉस्ट ईएमआय'कडे होता. मी त्यांना आकडेमोड करून दाखवली. समजा, २१,००० रुपयांची वस्तू सहा हप्त्यांत, व्याजदर १६ टक्के धरा. विक्रेता व्याजाएवढी, म्हणजे साडेनऊशेच्या आसपास, सूट आधी देतो आणि बँक तेवढंच व्याज हप्त्यांतून घेते. इथवर खरंच 'नो कॉस्ट'. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी बँक वेगळा लावते, आणि वर प्रक्रिया शुल्क. मिळून चारशे रुपये तरी जातात. चारशे ही काही लुटालूट नव्हे, पण 'शून्य'ही नव्हे. शिवाय रोख भावात दुकानदार जी घासाघीस ऐकतो ती हप्त्यांत ऐकत नाही.

मी सुचवलं, की संपादकांकडे उचल मागा. ताई संकोचल्या. या धंद्यात डीटीपीवाल्याने आधी पैसे मागायचे नाहीत असा अलिखित रिवाज आहे. शेवटी एका संपादकांना त्यांनी फोन केला: "सर, मॉनिटर घेतेय. ५,००० आधी मिळाले तर तुमचा पहिला फॉर्म आठ दिवस लवकर देते." त्यांनी दिले. बाकीच्या दोघांनी दिवाळीनंतर बघू म्हटलं. पण एकाकडून तरी मिळाले ते मागितले म्हणून.

कराचा मुद्दाही इथेच संपवतो. ताईंची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेच्या खूप खाली, त्यामुळे बिलातला कर त्यांना परत मिळत नाही. तो किमतीचाच भाग धरायचा. आयकर ताई अंदाजित उत्पन्नाच्या योजनेखाली (उलाढालीचा ठराविक हिस्सा उत्पन्न धरून) भरतात, त्यात घसाऱ्याची, म्हणजे वस्तू जुनी होत जाते त्यापोटीची, वेगळी वजावट नाही. जे पूर्ण हिशेब ठेवून विवरण भरतात त्यांना मात्र संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, आणि वस्तू वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्माच. त्या वर्षी ही सीमा ३ ऑक्टोबरला पडत होती, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. असे पूर्ण हिशेब ठेवणाऱ्यांसाठी दिवाळीची खरेदी याही कारणाने महाग पडू शकते.

कधी घ्यायचा

अ‍ॅमेझॉनचा प्राइम डे त्या वर्षी १२ ते १४ जुलै होता. मोठ्या सेलपेक्षा लहान, पण ताईंच्या वेळापत्रकात नेमका बसणारा: पहिल्या अंकाचं अक्षरजुळणीचं काम चालू, पानं लावणं अजून सुरू व्हायचं. जूनपासून आम्ही एकाच मॉडेलचा भाव दर दोन-चार दिवसांनी वहीत टिपत होतो. हे करायलाच हवं, कारण छापील किमतीवरची सूट बघून काहीच कळत नाही. कळतं ते मागच्या महिन्यात तीच वस्तू कितीला मिळत होती यावरून. १७,२०० वरून सेलमध्ये भाव आला १५,२००.

ताई तो भाव फोनवर दाखवत लक्ष्मी रोडजवळच्या त्यांच्या नेहमीच्या दुकानदाराकडे गेल्या. तो १५,९०० पर्यंत उतरला, पुढे नाही. सातशे रुपयांचा फरक. मी दुकानातून घ्या म्हटलं, आणि आजही तेच म्हणेन. मॉनिटरच्या पॅनेलमध्ये काही ठिपके मेलेले असणं कंपन्या दोष मानत नाहीत; ठराविक संख्येपर्यंत ते चालवून घ्यावे लागतात. अनुस्वार शोधणाऱ्या बाईला पडद्याच्या मधोमध एक काळा ठिपका मिळाला तर? दुकानदाराने डबा तिथेच फोडला, पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पडदे एकामागून एक लावून दाखवले. ताईंनी चष्मा काढून, लावून, कोपऱ्याकोपऱ्यातून बघितलं. दोष निघाला असता तर दुसरा डबा तिथल्या तिथे फोडला असता. बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घेतला, तीन वर्षांची वॉरंटी त्याच तारखेपासून.

पैसे असे गेले: भिशीचे १०,०००, शिलकीतले २,००० आणि उचलीतले ३,९००. उचलीतले उरलेले ११०० कागदाला आणि टोनरला लागले. केबल डब्यात होती. स्टँड फक्त पुढेमागे कलतो, वर होत नाही. त्याखाली ए-फोर कागदाची दोन रिमं ठेवली, उंची बरोबर जमली. आणि जुना मॉनिटर? तो व्हीजीएवर तसाच डावीकडे राहिला. लेखकांची हस्तलिखितं आता व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून येतात. ती त्या पडद्यावर उघडायची आणि उजवीकडे टाइप करायचं. हा फायदा आमच्या कुणाच्याच हिशेबात धरलेला नव्हता.

थांबलं असतं तर

खरेदी झाली आणि महिन्याभरात वातावरण बदललं. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असं जाहीर केलं. ताईंचा फोन आला, आवाजात हळहळ होती: "थांबायला हवं होतं का हो?" ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला, २२ सप्टेंबरपासून नवे दर. त्या दिवशी घटस्थापना, पितृपक्ष आदल्या दिवशी संपलेला, आणि मोठे ऑनलाइन सेलही त्याच सुमारास. सगळं एका दिवसावर आलं होतं. पण २८ वरून १८ टक्के झाला तो ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटर आणि टीव्हींचा दर. ३२ इंचांपर्यंतचे मॉनिटर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्क्यांतच आहेत. ताईंच्या २७ इंची मॉनिटरच्या करात एका पैशाचाही फरक पडला नाही. १५,९०० मध्ये कर २,४२५ होता, तो आजही तेवढाच असता. 'मॉनिटर स्वस्त झाले' हे वाक्य त्या आठवड्यात मी अनेकांच्या तोंडून ऐकलं. कोणत्या मापाचे, हे कुणी सांगत नव्हतं.

उलट माझ्या ओळखीचा व्हिडिओ संकलन करणारा एक मुलगा ३४ इंची रुंद मॉनिटर घ्यायच्या बेतात होता, त्याला मी ३ तारखेचा निर्णय आल्यावर आवर्जून थांब म्हटलं. मूळ किंमत १०,००० असेल तर आधी १२,८०० द्यावे लागत, आता ११,८००. म्हणजे पावणेआठ टक्क्यांची घट, सेलची सूट वेगळी. शिवाय त्याचं लग्नांच्या व्हिडिओंचं काम तुळशीच्या लग्नानंतरच सुरू होतं. त्याला थांबण्याची किंमत शून्य होती.

सप्टेंबरअखेरच्या सेलमध्ये ताईंचं मॉडेल कार्डाची सूट धरून १४,१०० ला होतं. म्हणजे त्यांनी १,८०० रुपये जास्त मोजले. हा आकडा मी त्यांच्यापासून लपवला नाही, आणि त्यांनीही तो शांतपणे ऐकला, कारण आम्ही जुलैतच साधारण दोन हजारांचा फरक गृहीत धरला होता. १,८०० भागिले ६०० पानं, पानामागे तीन रुपये. त्या तीन रुपयांत अख्ख्या हंगामाची पानं नव्या पडद्यावर लागली. पहिल्या वाचनाच्या प्रिंट बंद झाल्या. दीड रुपया प्रिंट धरली तर तिथेच ९०० रुपये परत आले. उरलेल्या नऊशेत काय मिळालं, तर पानं सतत लहानमोठी करत बसणं संपलं, गणपतीतले दोन दिवस सुट्टी घेता आली आणि शेवटचा फॉर्म रात्र न जागता गेला. २२ सप्टेंबरला मॉनिटर घेतला असता तर शेवटचा आठवडा तेवढा नव्या पडद्यावर, आणि बाकी उपयोग लग्नपत्रिकांसाठी.

फोर-केचा विषय ताईंनी सोडलेला नाही, आणि सोडूही नये. तो पुढच्या संगणकाबरोबर येईल, पेजमेकरमधलं जुनं काम युनिकोडमध्ये आणून झालं की. त्याची घाई नाही: १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा आधार संपला, पण आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ला चालतो, त्यामुळे तोच संगणक पुढे नेता आला. वर्षअखेरीस रॅमचे भावही चढले, म्हणून नवा घेणं आणखी लांबवलं. जानेवारीपासून त्या महिन्याला ५०० रुपये वेगळ्या आवर्ती खात्यात टाकतात, आणि भिशीतला नंबर या वर्षी त्यांनी पहिल्यापासूनच जूनचा मागून घेतला आहे.